अख्खी गिळावी, चावू नये

ती. अक्का,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (खरं सांगायचं तर आठातली सहाच अंगं सध्या जमिनीला टेकतात. उजवा खांदा आणि एक गुडघा संपावर आहेत. का, ते पुढे येईलच.) तुझं पत्र येऊन महिना झाला आणि उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल कान पकडतो. तुझी तब्येत कशी आहे? गेल्या वर्षीच्या झटक्यानंतर डावा हात आता पूर्ण वर जातो का? म्हणजे कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत, का नुसता मला मारण्यापुरता? खरं लिही. ‘मला काय धाड भरलीय’ हे उत्तर या खेपेस धरलं जाणार नाही. तू ते आयुष्यभर देत आलीस, आणि त्यात दोनदा तुला खरोखरच धाड भरली होती. रक्त पातळ ठेवायची गोळी वेळच्या वेळी घेते असं तू लिहिलंस, ते वाचून बरं वाटलं. भाचीला आशीर्वाद. आमच्याकडे सगळं खुशाल आहे, म्हणजे आमची ही खुशाल आहे आणि मी पडलो होतो.

लगेच घाबरून फोनकडे धावू नकोस. हाड मोडलेलं नाही, अब्रू तेवढी मोडली. ती कशी मोडली हे तुला दुसऱ्या कोणाकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा मीच लिहितो, म्हणजे निदान तिखटमीठ घरचं असेल.

तू सगळ्यांना सांगत असतेस की माझा भाऊ औषधं शोधतो. अक्का, मी सव्वीस वर्षांत एकही औषध शोधलेलं नाही. औषधं शोधणारे लोक वेगळे. ते वरच्या मजल्यावर बसतात, त्यांना चहा टेबलावर येतो आणि ते कोणाशी बोलत नाहीत. ते औषध शोधतात आणि मग ते इतकं कडू निघतं, किंवा इतकं अवाढव्य, की पेशंट ते नुसतं बघूनच मला बरं वाटतंय म्हणायला लागतो. तिथून पुढे आमचं काम. दारावर पाटी आहे ‘सुलभ औषध विभाग’. कारखान्यात मात्र आम्हाला सगळे ‘घसाखातं’ म्हणतात आणि मला ‘घसासाहेब’. कडू असेल ते गोड करायचं, मोठं असेल ते लहान करायचं, आणि दोन्ही जमलं नाही तर लोकांना गिळायचा विसर पडेल अशी काहीतरी युक्ती काढायची, एवढंच माझं शास्त्र.

त्या युक्त्यांबद्दल तुला एकदा सविस्तर लिहायचंच होतं. आधी आम्ही जिभेवर विरघळणारी गोळी केली. पाणी नको, गिळणं नको, जिभेवर ठेवली की आठ आकडे मोजेपर्यंत गायब. ती इतकी उत्तम जमली की बोटांच्या घामानेच विरघळायला लागली. चाचणीसाठी एक आजोबा बोलावले होते. त्यांनी ती पाकिटातून काढली, चष्मा लावला, नीट उलटीपालटी करून पाहिली आणि तोंडाशी नेईपर्यंत हातात नुसता पांढरा डाग उरला. आजोबांनी बोट चाटलं. आम्ही अहवालात ‘गोळी घेतली’ असं लिहिलं. त्यानंतर कागदासारखी पातळ पट्टी केली, टाळूला चिकटवायची. ती मी स्वतः लावून पाहिली (औषध नसलेली, कोरी), आणि तीही नेमकी मोठ्या साहेबांच्या मीटिंगच्या तोंडावर. ती विरघळेचना. जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच, आणि वीस मिनिटं मी साहेबांच्या प्रत्येक प्रश्नाला ‘ङं’ एवढंच उत्तर दिलं. साहेबांना वाटलं, मला त्यांचं म्हणणं अजिबात पटत नाहीये. घाबरून त्यांनी माझ्या दोन सूचना मान्य केल्या. एरवी ते माझी एकही मान्य करत नाहीत.

मग संत्र्याच्या चवीची चघळायची गोळी झाली. तिची चव अशी साधली की कोऱ्या नमुन्यांची बरणी रोज दुपारच्या चहाला निम्मी व्हायची. शेवटी मी बरणीवर ‘विष’ असं लिहून ठेवलं, तेव्हा ती दोन दिवस जास्त टिकली. त्याच्या पुढचा प्रयोग घसरत्या लेपाचा. पाणी लागलं की गोळी गुळगुळीत व्हावी आणि घशातून अलगद सटकावी अशी कल्पना. गोळी सटकली, पण घशातून नाही. ती बोटांतून सटकली, चिमट्यातून सटकली, मोजायच्या यंत्रातून सटकली आणि कारखान्याच्या फरशीवर चहूकडे पळाली. आमचे मिस्तरी तीस वर्षं गोळ्या पाडण्याच्या यंत्रावर आहेत. एका हातात झाडू घेऊन ते म्हणाले, “साहेब, ही गोळी पेशंटने गिळायच्या आधी पेशंटला ती पकडावी लागणार.” तो लेप आम्ही तिथेच बंद केला.

या सगळ्याला लोक माझी कल्पकता म्हणायचे. दोनदा हारही घातले. कल्पकता कसली डोंबलाची! जगात एकच व्यक्ती आहे जिला यामागचं खरं ठाऊक आहे, आणि ती तू. वयाच्या सहाव्या वर्षानंतर मी एकही गोळी अख्खी गिळलेली नाही. गोळ्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं, त्यात घसाखात्याचा प्रमुख, आणि साधी तापाची गोळी घशाखाली उतरवता येत नाही! मी लोकांची सोय बघत नव्हतो, अक्का, मी स्वतःची बघत होतो. प्रत्येक वेळी वाटायचं की हा प्रकार जमला तर मीसुद्धा घेऊ शकेन. पाहुण्यांसमोर गोळी घेऊन दाखवायची वेळ यायची तेव्हा मी ती गालात दाबायचो, पेलाभर पाणी प्यायचो, हसायचो, आणि सगळे वळले की मोठ्या साहेबांच्या खोलीतल्या कुंडीत टाकायचो. त्या झाडाचं पित्त, साखर, सांधे, सगळं आटोक्यात असणार. फुलं मात्र त्याला कधी आली नाहीत.

तो दिवस तुलाही आठवत असेल. मला ताप होता. बाबा हातात पाण्याचा पेला घेऊन उभे, मान वर कर आणि गिळ म्हणून दरडावताहेत. मी मान वर केली आणि ती पांढरी गोळी आडवी बसली. पुढचं मला फारसं आठवत नाही. एवढंच आठवतं की तू मला मांडीवर पालथा घातलास आणि पाठीत असे काही गुद्दे घातलेस की गोळी उडून बाबांच्या चपलेवर पडली. तू तेव्हा बारा वर्षांची. त्यानंतर माझी प्रत्येक गोळी तू दोन चमच्यांमध्ये चिरडून साखरेतून दिलीस, बाबांच्या नकळत. तुझं लग्न लागलं तेव्हा मी हमसून हमसून रडलो आणि सगळे म्हणाले, काय भावाचं प्रेम! निम्मं प्रेमच होतं. निम्मी काळजी होती की आता गोळ्या कोण चिरडून देणार.

आता मूळ मुद्द्यावर येतो. (इतका वेळ मुद्दा सोडून बोललो असं नाही. मुद्द्याच्या आजूबाजूला होतो.) तीन आठवड्यांपूर्वी कारखान्यात सगळ्यांची वार्षिक तपासणी झाली. आमच्या डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, आकडा पाहिला, पट्टा सोडला, दुसऱ्या दंडाला बांधला, पुन्हा आकडा पाहिला आणि खुर्ची माझ्या जवळ ओढली. डॉक्टरने खुर्ची जवळ ओढली की समजावं. त्यांनी विचारलं, घरात कोणाला काही? मी म्हटलं, वडील झटक्यानेच गेले, आणि गेल्या वर्षी थोरल्या बहिणीला येऊन गेला. ते म्हणाले, मग तो तुमच्या दारात उभा आहे, रोज एक गोळी घ्याल तर दार बंद राहील, आणि एक दिवसही चुकवायची नाही. असं म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. मी नाव वाचलं आणि मला तिथेच दरदरून घाम फुटला. गोळी आमच्याच कारखान्यातली होती, आणि आकार मीच मंजूर केलेला.

ती गोळी तू पाहिली नाहीस. मिस्तरी तिला ‘होडी’ म्हणतात. दिवसभर पोटात सावकाश, थोडं थोडं औषध सोडत राहते म्हणून ती मोठी करावी लागते. माणसाचा घसा आहे, पत्रपेटी नाही, असं म्हणून मी तिच्यावरून वरच्या मजल्याशी आठ महिने भांडलो, हरलो आणि सही केली. तिच्या खोक्यावर ठळक अक्षरांत एक ओळ आहे: ‘अख्खी गिळावी. चावू नये, तोडू नये, कुटू नये.’ ती ओळ माझी. का कुटू नये याचं पानभर कारण मीच लिहिलं होतं: कुटली की दिवसभराचं औषध एका दमात अंगात जातं, रक्तदाब धाडकन खाली येतो आणि माणूस उभ्याउभ्या कोसळतो. हे जगात कोणाला माझ्याइतकं पक्कं माहीत नसेल.

आणि मी ती कुटली. बोल आता!

डॉक्टरांना सांगायची लाज वाटली गं. घसासाहेबाला गोळी गिळता येत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगणार? (तोंडाचाच तर प्रश्न होता.) पहिल्या दिवशी मी ती होडी तोंडात घेऊन आरशासमोर अर्धा तास उभा राहिलो. घसा कडीकोयंडा लावून बसला. मग मी मनाची समजूत घातली की थोडी चक्कर आली तर येऊ दे, झटका तरी नको. दुसऱ्या दिवसापासून सकाळी ही आंघोळीला गेली की मी स्वयंपाकघरात खलबत्ता काढायचो, गोळीचं पीठ करायचो आणि मधातून चाटायचो. नंतर भिंत धरून ऑफिसच्या कपड्यांपर्यंत जायचो. हिला बत्त्याचा आवाज रोज यायचा. पण तिला वाटलं, मी केस काळे करायला चोरून काहीतरी कुटतोय. या वयात पुरुषांचं असं होतं म्हणून बिचारी मला लाज वाटू नये यासाठी गप्प बसली. आमच्या संसारात समजूतदारपणा कमी असता तर हे सगळं पहिल्याच दिवशी उघडकीला आलं असतं.

चौथ्या दिवशी आमच्या सभागृहात डॉक्टरांचा मेळावा होता. होडीच्या जागी आम्ही एक छोटी गोळी आणतोय, तिच्या प्रचारासाठी. मंचावर रबराचा आणि स्पंजचा माणसाएवढा घसा बनवून उभा केला होता. त्यात वरून एक मोठी लाकडी गोळी सोडायची आणि ती खालून बाहेर आलेली दाखवायची, असा कार्यक्रम. मी शेजारी उभा राहून बोलत होतो. रंगात आलो होतो. गोळी गिळण्याची भीती आता इतिहासजमा होणार, या वाक्यापर्यंत पोचलो आणि सभागृह हळूच एका बाजूला कललं. मी आधाराला हात पुढे केला, तो हात घशात गेला, हातामागून डोकं गेलं आणि डोक्यामागून खांदे. पोटापाशी अडकलो. अर्धा मी घशात आणि पाय बाहेर. आणि अक्का, सभागृहाने टाळ्या वाजवल्या! दीडशे डॉक्टर, आणि सगळ्यांना वाटलं की जुनी मोठी गोळी कशी अडकते ते मी करून दाखवतोय. नंतर कळलं, एकाने तर शेजाऱ्याला सांगितलं म्हणे, या वयात काय चपळाई आहे बघा. शेवटी मिस्तरींना शंका आली, कारण मी कधी त्यांच्याशीसुद्धा विनोद केलेला नाही. त्यांनी मंचावर चढून मला तंगड्या धरून बाहेर ओढलं. खांदा आणि गुडघा तेव्हाचे.

शुद्धीवर आलो तर डॉक्टर पुन्हा खुर्ची जवळ ओढून बसलेले, आणि दारात ही उभी, हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेला खलबत्ता. तिने घरून निघताना बत्त्याला लागलेली पांढरी पूड हुंगली होती. तिने तो सरळ डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी खलबत्त्याकडे पाहिलं, खोक्यावरची ओळ वाचली, ती कोणी लिहिली हे त्यांना ठाऊक होतंच. मी म्हटलं आता हे मला सोलणार. पण त्यांनी आवाज न चढवता विचारलं, “किती वर्षं झाली गिळता येत नाही?” आणि काय सांगू, मी लहान मुलासारखा रडलो. एकावन्न वर्षं कोणी मला हे विचारलंच नव्हतं. आणि मी सांगितलंही नव्हतं, हेही खरं.

पुढे जे झालं ते इतकं सोपं होतं की चीड येते. त्यांनी होडी बंद करून त्याच कामाच्या दोन बारक्या गोळ्या लिहून दिल्या, सकाळ-संध्याकाळ. असं करता येतं म्हणे, आधी सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी केलं असतं. मग म्हणाले, गिळता कसे ते दाखवा. मी मान वर केली, बाबांनी शिकवल्यासारखी. ते म्हणाले, इथेच चुकतंय. मान वर केली की घसा आवळतो. हनुवटी छातीकडे घ्या, पाण्याचा घोट तोंडात, आणि खाली बघत गिळा. सव्वीस वर्षं मी गोळीचा आकार बदलला, चव बदलली, लेप बदलले, पट्ट्या काढल्या. माझी मान खाली करायचं कोणाला सुचलं नाही, मलाही नाही. गेले पंधरा दिवस रोज ही समोर बसते, मी जमिनीकडे बघत घोट घेतो आणि गोळी जाते. सहज जाते. रक्तदाब उतरलाय. मोठ्या साहेबांनी तो रबरी घसा कोठारात टाकायला सांगितला, तो मिस्तरींनी धुऊनपुसून आमच्या खात्याच्या दारात उभा केलाय, आणि येणारा-जाणारा मला विचारतो की साहेब आज बाहेर कसे.

तर असं सगळं. माझी काळजी नसावी. स्वतःला जप. हिचा तुला नमस्कार. ती म्हणते, वन्संना म्हणावं, भाऊ दिलात तेव्हा लहान मूलच होता, अजून तसाच आहे, परत न्या.

तुझा,
धाकटा

ता. क. हे पत्र मी माझ्या पडण्याबद्दल लिहिलेलं नाही. भाचीवर रागावू नकोस. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला होता. तुझ्या चष्म्याच्या जुन्या डबीत तिला एकतीस गोळ्या सापडल्या, रक्त पातळ करणाऱ्या. तुझ्याजवळ ती एक अक्षर बोललेली नाही, खोलीचं दार लावून माझ्याजवळ रडली. तेव्हापासून मी विचार करतोय. बाबा आपल्या दोघांना गोळ्या द्यायचे तेव्हा तू माझ्या आधी पाठ फिरवून ‘गिळली’ म्हणायचीस. तुझी तू कशी घेतेस, हे मी कधी विचारलंच नाही. त्या दिवशी मी निळा पडलो, ते मी पाहिलं नव्हतं, अक्का. ते तू पाहिलंस. मला नुसता घसा आठवतो, तुला माझा चेहरा आठवत असणार. मग तुझ्या घशाखाली गोळी कशी उतरेल? आणि मी मूर्ख, इतकी वर्षं समजत होतो की भित्रा मी एकटाच.

ता. क. दुसरा. डबीतल्या गोळ्या भरपाई म्हणून एकदम घेऊ नकोस, आणि एकही कुटू नकोस; कुटणाऱ्याचं काय होतं ते वर लिहिलंय. शुक्रवारी भाची तुला चष्म्याचा नंबर तपासायला म्हणून बाहेर काढणार आहे. ती तुला तुझ्या डॉक्टरांकडे नेणार आहे. (हे तुला कळू द्यायचं नव्हतं. आता कळलंच आहे तर कळलं नाही असं दाखव, पोरीने फार विचार करून बेत केलाय.) त्यांना डबी दाखव आणि खरं सांग. ते रागावणार नाहीत. रागावले तर मला कळव, मी खलबत्ता घेऊन येतो.

ता. क. तिसरा. ‘सहज जाते’ असं वर लिहिलंय ते खोटं आहे. कधी तिसऱ्या घोटाला जाते, कधी पाचव्या. काल तर हिने माझा हात धरला तेव्हा गेली. भीती अजून आहे तेवढीच आहे, फक्त आता मी ती घेऊन बसतो. मला तू अजून हवी आहेस, अक्का. तेव्हा डॉक्टर काय ती गोळी ठरवून देतील, ती सोमवारपासून आपण बरोबर घेऊ. सकाळी आठला मी फोन करीन. उचललास की हॅलो म्हणू नकोस, मीही काही म्हणणार नाही. दोघांच्याही तोंडात पाणी असेल. आधी गिळू, मग बोलू.